भांडण घरातले, शस्त्रक्रिया कुत्र्यावर

घरातले दोन मोठे कुत्रे एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले की पाळणाऱ्याच्या कानावर चहूबाजूंनी दोनच सल्ले पडतात. नराचे ऑपरेशन करून टाका, आपोआप गार पडेल, हा पहिला. घरात मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्या, हा दुसरा. पहिला सल्ला शेजारी देतात, सोसायटीतली जाणती माणसे देतात, कधी कधी घाईत असलेले डॉक्टरही देतात. दुसरा प्रशिक्षकांकडून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येतो. एक वैद्यकीय, दुसरा शिस्तीचा, असे वरवर वाटते. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. कुत्र्यांचे भांडण म्हणजे वर्चस्वाची लढाई, वर्चस्वाची हाव नराच्या हार्मोनमधून येते, म्हणून एकतर ते हार्मोन काढून टाकावे किंवा ती हाव धाकात ठेवावी. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि मोठ्या चणीच्या कुत्र्याच्या बाबतीत ती धोक्याचीही वाटते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर यांची नसबंदी करायची का, आणि करायची तर कोणत्या वयात, हा त्यांच्या हाडांचा, सांध्यांचा, कर्करोगाच्या शक्यतेचा आणि नको असलेली पिल्ले टाळण्याचा प्रश्न आहे. घरातल्या दोन कुत्र्यांचे का जमत नाही, हा त्या घरातल्या जागेचा, खाण्यापिण्याचा, माणसांच्या वागण्याचा आणि पुष्कळदा कुत्र्याच्या अंगातल्या दुखण्याचा प्रश्न आहे. दोन्हींवर एकच उतारा शोधला की पहिला निर्णय चुकीच्या वेळी घेतला जातो आणि दुसऱ्या प्रश्नाला हातच लागत नाही.

वर्चस्वाची ही कल्पना आली कुठून ते आधी पाहू. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ते लांडगे एका आवारात कोंडलेले होते, सुटून जाण्याची सोय नव्हती, त्यामुळे भांडणे होत आणि एक नर व एक मादी इतरांवर दाब ठेवून असत. पुढे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये लांडग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यातून ‘अल्फा’ ही कल्पना जगभर पोहोचली. पण याच मेक यांनी १९८६ पासून कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये स्वतःच्याच प्रतिपादनात दुरुस्ती केली. निसर्गातला लांडग्यांचा कळप बहुतेक वेळा एक कुटुंब असते. त्यात पुढारी असतात ते आईबाप, आणि मागून चालणारी असतात ती त्यांची पिल्ले. कोणी कोणाला लोळवून ती जागा मिळवलेली नसते. आपला जुना ग्रंथ छापणे थांबवावे म्हणून मेक प्रकाशकाच्या मागे लागले होते. २०२२ मध्ये तो छपाईतून गेला. त्याआधीच, २००९ मध्ये, ब्रिस्टल विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी घरगुती कुत्र्यांच्या आक्रमकतेचा उलगडा वर्चस्वाच्या कल्पनेने होत नाही, असे सविस्तर दाखवून दिले होते. शास्त्राने ही वाट सोडून बराच काळ लोटला आहे. आपल्याकडचे बहुतेक सल्ले मात्र अजून तिच्यावरूनच चालतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कुत्र्यांत उतरंड असतेच की! रोमच्या उपनगरातल्या मोकळ्या कुत्र्यांच्या एका टोळीचा इटालियन संशोधकांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाने मोठ्यांना लहान कुत्रे मान देतात, एकाच वयाच्या गटात नरांना माद्या मान देतात, असा स्पष्ट क्रम सापडला. उतरंड आहे हे मी मान्यच करतो. पण त्या अभ्यासातही क्रम सर्वांत नीट दिसला तो खालच्याने वरच्याला दिलेल्या मानातून: शेपूट खाली घालून हलवणे, तोंड चाटायला जाणे, अंग चोरून जवळ येणे. ज्या टोळीत नाते ठरलेले आहे, तिथे दात लावायची वेळ कमी येते. म्हणजे घरात वारंवार रक्त निघत असेल, तर एकाचे वर्चस्व फार झाले हा त्याचा अर्थ होत नाही. त्या दोघांना एकमेकांपासून दूर होण्याची किंवा माघार घेण्याची वाट उरलेली नाही, हा अर्थ जास्त जवळचा आहे. शिवाय वर्चस्व हा दोन प्राण्यांमधल्या एका विशिष्ट नात्याचा गुण आहे. अमुक कुत्रा ‘डॉमिनंट’ आहे असे एकट्या कुत्र्याबद्दल म्हणता येत नाही. जो बसायच्या गादीसाठी गुरगुरतो तोच पाण्याच्या भांड्याशी दुसऱ्याला पहिली जागा देतो, आणि हे दोन्ही एकाच घरात, एकाच संध्याकाळी घडते.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. नराची वृषणे काढली की वागणे बदलते का? बदलते, पण सगळे वागणे सारखे बदलत नाही, आणि या फरकातच खरी गोम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९७६ मध्ये ४२ प्रौढ नरांचा शस्त्रक्रियेनंतरचा वृत्तांत गोळा केला. माद्यांच्या वासाने घर सोडून भटकणे सुमारे ९० टक्के नरांत कमी झाले. जागोजागी लघवी करून खूण ठेवणे आणि अंगावर चढणे यांतही बऱ्याच जणांत फरक पडला. दुसऱ्या नराशी भांडणेही अनेकांत कमी झाली. त्याच विद्यापीठात १९९७ मध्ये ५७ कुत्र्यांचा अभ्यास झाला. त्यातही भटकणे, खुणा करणे आणि चढणे या तीन सवयी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाल्याचे ६० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत दिसले. पण घरातल्या कुत्र्यांवर वा माणसांवर धावून जाण्यात असा उतार पडलेल्यांचे प्रमाण पुष्कळच कमी होते. २०१८ मध्ये १३,७९५ कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासल्या गेल्या, तेव्हा नसबंदी झालेले कुत्रे ओळखीच्या माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर कमी धावून जातात असे आढळलेच नाही. उलट सातव्या ते बाराव्या महिन्यात नसबंदी झालेल्यांत अनोळखी माणसांबद्दलची आक्रमकता किंचित जास्त होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक नरांची माहिती पाहिली. आयुष्यात स्वतःच्या हार्मोनचा सहवास जितका थोडा मिळाला, तितकी भीती आणि घाबरटपणाशी निगडित वागणूक जास्त, असा कल त्यांना दिसला. या प्रश्नावल्यांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण आधीच त्रास देणाऱ्या कुत्र्याचे ऑपरेशन लवकर केले जाण्याची शक्यता असते. तरीही घरगुती भांडणावर हा हमखास उपाय आहे असे म्हणण्याला या आकड्यांतून आधार मिळत नाही.

याचे कारण समजायला अवघड नाही. मादीसाठीची चुरस, हद्दीच्या खुणा, भटकंती हे नराच्या हार्मोनशी थेट बांधलेले वागणे आहे. ते हार्मोन गेले की ते ओसरते. पण हाडूक तोंडात असताना जवळ आलेल्यावर गुरगुरणे, मालकाच्या पायाशी बसलेल्याला दुसऱ्याने ढकलले म्हणून चिडणे, दाराची घंटा वाजली की उसळून शेजारच्याचाच चावा घेणे, किंवा धसका घेऊन आधीच वार करणे, यांच्या मागे भीती, उत्तेजना, हातचे जाईल ही काळजी आणि आधीच्या भांडणांची आठवण असते. यातले काहीही शस्त्रक्रियेने निघून जात नाही. घाबरट कुत्र्याच्या अंगातला उरलासुरला धीरही त्यामुळे कमी होऊ शकतो, ही शंका आज अनेक अभ्यासक बाळगून आहेत. एकाच घरात दोन पूर्ण वाढीचे, नसबंदी न झालेले नर असतील आणि शेजारची मादी माजावर आली की त्यांच्यात पेटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. युरोपात अशा वेळी डेस्लोरेलिन नावाचे हार्मोन दाबणारे रोपण त्वचेखाली बसवून काही महिने परिणाम पाहण्याची पद्धत आहे; वागण्यात फरक पडला तरच कायमचा निर्णय घेता येतो. आधी अंदाज, मग कात्री, ही पद्धत मला फार समंजस वाटते.

आणि माद्यांचे काय? ‘आक्रमक नर’ हे चित्र डोक्यात इतके पक्के बसलेले असते की घरगुती भांडणांतला मोठा वाटा नजरेतून सुटतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या वर्तन-चिकित्सालयात आलेल्या, एकाच घरात राहून भांडणाऱ्या ३८ जोड्यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या आणि ६८ टक्के जोड्यांत किमान एक मादी होती. भांडण उकरून काढणारा बहुधा वयाने लहान किंवा घरात नंतर आलेला असे. ठिणगी पडण्याची कारणे होती मालकाचे लक्ष, खाणे, उत्तेजना आणि सापडलेल्या वस्तू. यांतल्या कोणत्या कारणावर गर्भाशय आणि बीजकोश काढण्याचा उपाय चालेल? भांडखोर मादीची शस्त्रक्रिया केल्याने ती मवाळ होते असा पुरावा नाही. आधीच घरच्यांवर गुरकावणाऱ्या मादीची पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया केली तर तो स्वभाव वाढल्याचे १९९० मधल्या एका ब्रिटिश अभ्यासाने नोंदवले आहे. माज आला असताना किंवा त्यानंतरच्या आठवड्यांतच चिडचीड वाढत असेल, तेवढ्यापुरता हार्मोनचा संबंध धरावा आणि त्या काळात दोघींना वेगळे ठेवावे.

मोठ्या चणीच्या कुत्र्याच्या शरीराचा हिशोब मात्र आणखी गंभीर आहे. हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ थर असतात. वयात येताना लैंगिक हार्मोन या थरांना बंद होण्याचा इशारा देतात आणि हाडांची लांबी तिथे थांबते. हार्मोन आधीच काढून घेतले तर थर जास्त काळ उघडे राहतात, पाय थोडे लांब वाढतात आणि सांध्यातली हाडांची बैठक बदलते. लहान चणीचे पिल्लू लवकर वाढ संपवते आणि त्याचे वजनही कमी असते. तीस-चाळीस किलोच्या कुत्र्याला मात्र हा फरक महाग पडतो. आपल्या शेतकऱ्याला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे: गोऱ्ह्याची मान आणि खांदा भरल्याशिवाय तो त्याला खच्ची करायची घाई करत नाही. डेव्हिसच्या बेंजामिन आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी १० टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेसिया झाला होता, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. गुडघ्यातला क्रूसिएट बंध तुटण्याचे एकही उदाहरण नसबंदी न झालेल्यांत नव्हते. लवकर नसबंदी झालेल्या नरांत ते ५ टक्के आणि माद्यांत ८ टक्के होते. जर्मन शेफर्डबद्दल २०१६ मध्ये आलेले आकडे आणखी बोलके आहेत. नसबंदी न झालेल्या नरांत सांध्यांचे आजार ७ टक्के, तर वर्षाच्या आत झालेल्यांत २१ टक्के. रॉटवायलरच्या २००२ मधल्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांपैकी साधारण चारांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हाडाचा कर्करोग होण्याचा धोका दिसला. मिश्र जातीच्या कुत्र्यांतही प्रौढपणी २० किलोच्या वर जाणाऱ्यांना लवकर शस्त्रक्रियेने सांध्यांचा धोका वाढतो, असे २०२० मध्ये आढळले.

सगळे मोठे कुत्रे मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या ३५ जातींच्या तुलनेत ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंड या दोन अवाढव्य जातींत नसबंदीच्या वयाने सांध्यांच्या धोक्यात वाढ दिसली नाही, तर गोल्डनच्या मादीत कोणत्याही वयातल्या शस्त्रक्रियेनंतर काही कर्करोग जास्त आढळले. म्हणून ‘सहा महिन्यांचे झाले की आणा’ हा सरसकट नियम जितका चुकीचा, तितकाच ‘मोठ्या जातीला कधीच हात लावू नका’ हाही. हे अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात येणारे कुत्रे सरासरी घरच्या कुत्र्यांसारखे असतीलच असे नाही, ही त्यांची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. तरी वेगवेगळ्या जातींत, वेगवेगळ्या वर्षी, एकाच दिशेचे निष्कर्ष आले की पाळणाऱ्याने थांबून विचार करण्याइतके वजन त्यांना येते.

इथे दोन्ही धागे एकत्र येतात, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. दुखणे आणि चावणे यांचे नाते फार जवळचे आहे. ब्रिटनमधल्या डॅनिअल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कमीत कमी धरले तरी त्यांपैकी एक तृतीयांशांना कुठे ना कुठे वेदना होत होत्या. काही ठिकाणी तो आकडा ८० टक्क्यांच्या आसपास जात होता. बार्सिलोनाच्या पशुवैद्यकांनी २०१२ मध्ये वेदनेमुळे आक्रमक झालेल्या १२ कुत्र्यांची माहिती दिली. त्यांत सर्वांत जास्त आढळलेला आजार होता हिप डिस्प्लेसिया. खुबा दुखत असलेल्या शेफर्डला दुसरा कुत्रा खेळायला येऊन धडकला की तो उलटून चावणार, आणि घरचे म्हणणार की हा आता डोक्यावर बसायला लागला. आता क्रम लावून पाहा. आठ-नऊ महिन्यांचा वाढता नर दुसऱ्याशी झोंबतो. घरचे घाबरून त्याची लगेच नसबंदी करतात. त्यामुळे सांध्याचा धोका वाढतो. दोन-तीन वर्षांनी तो सांधा दुखू लागला तर त्याची सहनशक्ती कमी होते आणि भांडणे पुन्हा सुरू होतात, या वेळी अधिक कडवट. ही साखळी एकाच अभ्यासात अथपासून इतिपर्यंत मोजलेली नाही, तो मी लावलेला अन्वय आहे. पण तिच्यातली एकेक कडी स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. ज्या उपायामुळे भांडणाचे कारणच वाढण्याची शक्यता आहे, तो घाईत करू नये, एवढे म्हणायला ती पुरेशी आहे. म्हणूनच भांडण सुरू झाले की पहिली फेरी डॉक्टरांकडेच व्हावी, पण ती खुबे, गुडघे, पाठ, दात, कान आणि थायरॉइड तपासून घेण्यासाठी.

नसबंदीचे फायदे मी नाकारत नाही. स्वीडनमध्ये बहुतेक माद्या नसबंदीविना राहत असल्याने तिथल्या विम्याच्या नोंदींवरून हिशोब करता आला: सुमारे चारांपैकी एका मादीला दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार गाठतो. स्तनांच्या गाठींबद्दल १९६९ पासून एक अभ्यास सांगितला जातो. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेत धोका तिच्या धोक्याच्या अर्धा टक्का, पहिल्यानंतर ८ आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के. त्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचे २०१२ च्या फेरतपासणीत दिसले, तरी तो पूर्ण झटकून टाकता येत नाही. चाळीस हजारांहून अधिक अमेरिकी कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदींत नसबंदी झालेले कुत्रे सरासरीने जास्त जगलेले दिसले. या सगळ्याचा तोल सांभाळायचा तर मोठ्या चणीच्या मादीची शस्त्रक्रिया टाळण्यापेक्षा, जातीनुसार ती वर्ष ते दोन वर्षांच्या दरम्यान, दोन माजांच्या मधल्या शांत काळात करणे मला योग्य वाटते. नराला तर वर्ष-दीड वर्ष थांबवण्यात फारसे काही गमवायचे नसते. नॉर्वेत प्राणीकल्याण कायद्यानुसार केवळ माणसाच्या सोयीसाठी कुत्र्याची नसबंदी करता येत नाही, आणि तिथले कुत्रे त्यापायी एकमेकांना फाडून खात नाहीत.

पण आपले रस्ते नॉर्वेचे नाहीत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. जिथे दरवर्षी कित्येक पिल्ले गटारांच्या कडेला जन्मतात आणि रेबीजची भीती आहे, तिथे नसबंदीला उशीर करा असे लिहिणे बेजबाबदारपणाचे नाही का? रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यांचा हेतू संख्या आणि रेबीज आवरणे हा आहे आणि तिथे शस्त्रक्रियेला उशीर करण्यात काही अर्थ नाही. ती नेटाने व्हावी, अधिक व्हावी. आणि याच व्यवस्थेतही शस्त्रक्रिया हा आक्रमकतेवरचा उपाय मानलेला नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे मूळ जागी सोडायला सांगितले, पण त्यातून रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे वगळले. दाराआड राहणाऱ्या, पट्ट्याविना बाहेर न जाणाऱ्या लॅब्राडॉरच्या वर्षभराच्या थांबण्याने रस्त्यावरची संख्या वाढत नाही. ज्या घरात नर आणि मादी वेगळे ठेवणे जमणारच नाही, किंवा बंगल्याचे फाटक उघडेच असते, तिथे मात्र लवकर केलेली शस्त्रक्रियाच बरी. नको असलेली आठ-दहा पिल्ले हा सांध्याहून मोठा अन्याय आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकात रॉटवायलरसह २३ जाती ‘हिंस्र’ ठरवल्या आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करायला सांगितले. त्यांची पैदास थांबावी हा त्यामागचा हेतू होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते परिपत्रक रद्द केले. पण त्या काही आठवड्यांत नसबंदी झालेला रॉटवायलर म्हणजे सुरक्षित रॉटवायलर, असा सोयीचा अर्थ लोकांच्या मनात रुजला असेल तर तो काढून टाकायला हवा. अशा कुत्र्याला लहान मुलांजवळ एकटे सोडणे नसबंदीआधी जितके चूक होते तितकेच नंतरही आहे.

दुसरा सल्ला, म्हणजे धाक. कुत्र्याला पाठीवर लोळवून दाबून धरणे, ‘अल्फा रोल’, हे अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी १९७८ मधल्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केले. २००२ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ते मागे घेतले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वर्तन-चिकित्सालयात आलेल्या १४० मालकांना विचारले की कोणत्या उपायावर कुत्रा उलट अंगावर आला. मारणे किंवा लाथ घालणे या उपायावर ४३ टक्के, तोंडातली वस्तू ओढून काढण्यावर ३९ टक्के, लोळवून दाबण्यावर ३१ टक्के आणि रोखून पाहण्यावर ३० टक्के. मोठ्या कुत्र्याला ‘हलक्या हाताने’ वळण लागत नाही, त्याला जरब लागते, असा आक्षेप या ठिकाणी हमखास येतो. उलट आहे. चाळीस किलोच्या कुत्र्याने उलट हल्ला केला तर होणारी जखमही त्याच मापाची असते, म्हणून त्याच्या बाबतीत हा जुगार सर्वांत आधी सोडायला हवा. गुरगुरण्याबद्दल मार देणे तर सर्वांत वाईट, कारण गुरगुरणे ही सूचना असते. ती मारून बंद केली की कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो, आणि घरचे म्हणतात की हा अचानक बिथरला.

मग करायचे काय? काम कंटाळवाणे आहे, पण ते माणसाच्या हातातले आहे. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून खायला घालावे आणि ताटल्या रिकाम्या होताच उचलाव्यात. हाडूक, चघळायची वस्तू, आवडते खेळणे एकत्र असताना देऊ नये. झोपण्याच्या जागा दोन असाव्यात आणि एकीकडे जायला दुसरीवरून जावे लागू नये. दारे, जिने, लिफ्ट आणि सोफ्यामागची चिंचोळी वाट इथेच बहुतेक भांडणे पेटतात, म्हणून तिथून एकावेळी एकच न्यावा. घरी परतल्यावर दारातच लाडाचा गोंधळ घालू नये. दोघे शांत झाल्यावर एकेकाला जवळ घ्यावे. फिरायला काही दिवस वेगळे नेले तर प्रत्येकाला माणूस एकट्याचा मिळतो. दोन खोल्यांच्या घरात हे जिकिरीचे जाते हे खरे, पण लहान मुलांसाठी दाराला लावतात तसले फाटक आणि दिवसाचे नीट आखलेले वेळापत्रक यांवर पुष्कळ निभावते. टफ्ट्सच्या त्या पाहणीत सर्वांत उपयोगी पडलेला उपाय साधा होता: खाणे, फिरणे, लाड यांतले काहीही मिळण्याआधी कुत्र्याने बसणे किंवा थांबणे यासारखी एक गोष्ट शांतपणे करायची. तो नियम दोघांनाही सारखाच. त्यातून धाक बसत नाही. पुढे काय होणार ते कुत्र्याला आधीच कळते, आणि ज्याला पुढचे कळते तो कमी भांडतो. जोडीला डोळे उघडे ठेवावेत. अंग ताठ होणे, तोंड मिटून नजर रोखणे, दुसऱ्याच्या वाटेत आडवे उभे राहणे, भूक नसताना ओठ चाटणे या खुणा दात लागण्याच्या कितीतरी आधी दिसतात. त्याच क्षणी हाक मारून एकाला दूर बोलवता आले तर भांडण होतच नाही. झुंज जुंपलीच तर मधे हात घालू नये. माणसांना चावे बसण्याचा तोच सोपा मार्ग आहे. पाठीमागून ओढण्याची वेळ येऊ नये म्हणून दोघांना जाळीच्या मुस्कीची सवय आधीच, खाऊ देत देत, लावून ठेवावी.

इतके करूनही काही जोड्या एकत्र राहू शकत नाहीत, विशेषतः दोन मोठ्या माद्या, ज्यांच्यात एकदा खोल जखमा झालेल्या आहेत. घरात लहान मूल किंवा तोल सांभाळू न शकणारे आजी-आजोबा असतील, तर वर्षभर प्रयोग करत बसणे योग्य नाही. अशा वेळी कायमचे वेगळे दार ठेवणे, किंवा त्यांतल्या एकीला एकुलती म्हणून राहता येईल असे दुसरे घर शोधणे, हा जबाबदारीचा निर्णय आहे. नव्या घरच्यांना तिच्या भांडणांची, जखमांची आणि औषधपाण्याची सगळी हकीकत लेखी द्यावी, आणि नसबंदी झाली असेल तर ती कोणत्या वयात झाली हेही त्यात लिहावे, कारण पुढे पाय लंगडू लागला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.